पानाच्या पाठीमागची वस्ती

कपाशीच्या पानाची मागची बाजू तुम्ही शेवटची कधी पाहिलीत? चालता चालता पालथी करून सोडून दिली, तसे नव्हे. डोळ्यांजवळ धरून, शिरांच्या बेचक्यात काय बसले आहे ते दिसेपर्यंत? पुष्कळांचे उत्तर 'आठवत नाही' असेच येईल. त्यात दोष कोणाचाच नाही. माणसाच्या डोळ्याला वीतभर अंतराच्या आतले नीट दिसत नाही. चाळिशी उलटली की वीतभराचे हातभर होते. आणि पिकाचे जे काही बरेवाईट घडते, त्याची सुरुवात तर तांदळाच्या दाण्याहून लहान जिवांपासून होते.

हा लहान जीव मोठा करून पाहण्याचे साधन आज बहुतेक घरांत आले आहे. तो म्हणजे तुमच्या खिशातला किंवा कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या हातातला मोबाईल. लग्नाचे, बैलपोळ्याचे, नव्या ट्रॅक्टरचे फोटो त्यावर निघतातच. पण अगदी जवळून, मुंगीच्या मिशा दिसाव्यात असा फोटो काढणे ही निराळी विद्या आहे. ती शिकायला पैसा लागत नाही. लागते ती सवड आणि थोडा चिवटपणा, आणि या दोन्ही गोष्टी शेतकऱ्याला कोणी शिकवायला नकोत.

ही शहरी माणसांची थेरे आहेत असे कोणाला वाटेल, त्यांनी एका शेतकऱ्याची गोष्ट ऐकावी. अमेरिकेत व्हरमाँट नावाचे थंडीचे राज्य आहे. तिथल्या जेरिको गावी विल्सन बेंटली हा शेतकऱ्याचा मुलगा १८६५ साली जन्मला. घरचा धंदा दूधदुभत्याचा. आई पूर्वी शाळेत शिकवीत असे. तिने आपले जुने सूक्ष्मदर्शक यंत्र पोराच्या हाती दिले, आणि पोरगा आकाशातून पडणारे हिमाचे कण त्याखाली धरून पाहू लागला. कण वितळण्याआधी त्याचे चित्र काढायला जाई, पण हात पुरा पडत नसे. शेवटी आईने भीड घातली म्हणून वडिलांनी कॅमेरा घेऊन दिला. शंभर डॉलर त्या काळी शेतकऱ्याला थोडे नव्हते, आणि वडिलांना हे चाळे मनापासून कधी पटले नाहीत. पण १५ जानेवारी १८८५ या दिवशी बेंटलीने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो काढलाच. वय वर्षे एकोणीस! पुढे आयुष्यभर गाईगुरे सांभाळून त्याने असे पाच हजारांवर फोटो काढले. १९३१ साली त्यांचा मोठा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो वारला.

त्याची रीत ऐकण्यासारखी आहे. काळ्या रंगाच्या फळीवर हिमकण झेलायचे. चांगला कण दिसला की बारीक काडीने उचलून काचेवर ठेवायचा आणि पक्ष्याच्या पिसाने हळूच सपाट करायचा. सगळे काम बिनउबेच्या थंडगार खोपीत, आणि तेही श्वास रोखून, कारण नुसत्या उच्छ्वासाने कण विरघळून जाई. काळी पार्श्वभूमी, स्थिर हात, रोखलेला श्वास. आज मोबाईलवर मावा टिपायचा असला तरी याहून निराळे काही करायचे नाही.

आता कामाचे बोलू.

नवखा माणूस पहिली चूक करतो ती फार जवळ जाण्याची. किडा लहान आहे म्हणून तो मोबाईल पार किड्याच्या अंगावर नेतो, आणि पडद्यावर नुसता धूसर गोळा दिसतो. बहुतेक मोबाईलचा मुख्य कॅमेरा चार बोटे अंतराच्या आत आला की त्याला स्पष्ट दिसत नाही, जसे आपल्याला पुस्तक नाकाला लावून वाचता येत नाही. तेव्हा आधी मोबाईल वीतभर लांब धरा. पडद्यावर किड्याच्या जागी बोट टेकवा. मग सावकाश पुढे सरका. जिथे चित्र धूसर होऊ लागेल, तिथून केसभर मागे या. ती तुमच्या मोबाईलची हद्द. एकदा सापडली की बोटांनी मोजून ठेवा, पुन्हा पुन्हा शोधावी लागणार नाही. काही मोबाईलांत जवळच्या फोटोसाठी निराळी सोय असते, तिथे फुलाचे चित्र काढलेले असते. ती असेल तर जरूर वापरून पाहा, पण मुख्य कॅमेऱ्याने थोडे लांबून काढलेला फोटो नंतर कातरून मोठा केला तर पुष्कळदा तोच सरस ठरतो. दोन बोटांनी पडदा ताणून किडा मोठा करायचा आणि मग फोटो काढायचा, या नादाला मात्र लागू नका. त्यात किडा मोठा होत नाही, फक्त चित्र फुगते.

याच्याही पुढे जायचे असेल तर भिंग घ्यावे. घड्याळजी डोळ्याला लावतात तसले किंवा सोनार वापरतात तसले. दहापट दाखवणारे भिंग असेल तर ते किड्यापासून सुमारे एक इंचावर धरावे लागते. भिंग मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर अगदी टेकवून धरा आणि दोन्ही मिळून किड्याकडे न्या. चिमट्याने मोबाईलला बसणारी भिंगेही बाजारात मिळतात. पण पहिले दोन महिने काही विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बैल घेण्याआधी कोणी झूल शिवत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. जितके जवळ जावे, तितका फोटोतला स्पष्ट भाग पातळ होत जातो. लांबून काढलेल्या फोटोत बांधापासून डोंगरापर्यंत सारे स्वच्छ येते. मुंगीच्या फोटोत मात्र डोके स्पष्ट तर पोट धूसर, अशी तऱ्हा होते. स्पष्टतेची पट्टी केवळ दोन-चार मिलिमीटरची, आणि भिंग लावले तर त्याहूनही कमी. म्हणून अळी पानावर आडवी असेल तर मोबाईलही तिला समांतर धरावा, म्हणजे डोक्यापासून शेपटीपर्यंत ती त्या पट्टीत बसते. किडा समोरून पाहत असेल तर डोळे स्पष्ट यावेत एवढे पाहावे. डोळे स्पष्ट आले तर बाकीचे धूसर असले तरी नजर खपवून घेते.

आणि वारा! कपाशीचे पान वाऱ्याने अर्धा इंच हलले तर तुम्हाला कळतही नाही, पण एवढ्या जवळून ते पान म्हणजे भूकंप झाल्यासारखे दिसते. त्यावर उपाय घरातच आहे. एक काठी जमिनीत रोवा आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्याने फांदी काठीला अडकवा. चिमटा पानाला नको, देठाला किंवा फांदीला लावा. नाहीतर डाव्या हाताच्या दोन बोटांत देठ धरा आणि त्याच हाताच्या मनगटावर मोबाईल टेकवा. मग पान हलले तरी मोबाईल त्याच्याबरोबर हलतो. गुडघा जमिनीला, कोपर गुडघ्याला, अशी बैठक जमवावी. भांगलणीला बसणाऱ्या बायांना ही बैठक जन्माची सवयीची आहे, त्यामुळे या कामात त्या पुरुषांच्या पुढे गेल्या तर नवल नाही. बटण दाबताना श्वास रोखा, बेंटलीने रोखला तसा.

वेळ कोणती? सकाळची, सूर्य कासराभर वर येईपर्यंतची. रात्रीच्या गारव्याने किडे सुस्तावलेले असतात, पंखांवर दव असते, वारा पडलेला असतो. फुलपाखरू दुपारी तुम्हाला वावरभर पळवील. तेच पहाटे गवताच्या काडीवर पंख मिटून बसलेले सापडते आणि तुम्ही चार बोटांवर गेलात तरी जागचे हलत नाही. दुपारचे ऊन फोटोला वाईट. पांढरे ते भगभगीत होते आणि काळे त्याच्या सावलीत बुडते. दुपारीच काढायचा झाला तर आपल्या अंगाची किंवा छत्रीची सावली पाडा आणि दुसऱ्या बाजूने स्टीलचे ताट किंवा पांढरा कागद धरून उजेड परत फेका. ताट थोडे तिरके करून पाहा, किड्याच्या पोटाखालची काळोखी कशी निघून जाते ते दिसेल. मोबाईलचा झगमग दिवा मात्र बंदच ठेवावा.

पूर्वी रिळाचा कॅमेरा होता तेव्हा एका रिळात छत्तीस फोटो निघत. ते धुवायला तालुक्याला द्यायचे, आणि आठ दिवसांनी कळायचे की पस्तीस वाया गेले. आता वीस काढा, दोन ठेवा, अठरा तिथल्या तिथे पुसून टाका. पैसा लागत नाही म्हणून शिकणेही भरभर होते.

पण हे सारे करायचे कशाला? निव्वळ हौस म्हणून केले तरी बिघडत नाही, असे मी म्हणेन. शेतकऱ्याने हौस करू नये असा काही कायदा नाही. तरी या हौसेचा एक उपयोग असा आहे की तो पैशांत आणि कधी कधी जिवात मोजावा लागतो.

समजा, चवळीच्या शेंड्यावर मावा पडला आहे. त्या माव्यातच एक काळपट, खरबरीत, सहा पायांची, अंगावर नारिंगी ठिपके असलेली सुसरीच्या आकाराची अळी फिरते आहे. पाहणाऱ्याला वाटते, मावा होताच, आता अळीही पडली. तो पंप पाठीला लावतो. पण ती अळी म्हणजे ढालकिड्याचे, आपल्या लाल पाठीच्या ठिपकेवाल्या किड्याचे पोर. ती दिवसभर मावाच खात असते. जवळून एक फोटो काढून मोठा केला असता तर तिच्या जबड्यात धरलेला मावा दिसला असता! तसेच क्रायसोपाचे. पानावर केसाएवढ्या पांढऱ्या देठांवर एकेक टाचणीच्या डोक्यासारखे अंडे उभे असते, जणू कोणी बारीक दिवे लावून ठेवले आहेत. कित्येक जण त्याला बुरशी समजतात. त्यातून निघणारी अळी माव्याची वैरीण. आणि माव्याच्या गर्दीत एखादा मावा टम्म फुगलेला, बदामी रंगाचा, पाठीवर गोल भोक पडलेला दिसला तर समजावे की एका चिमुकल्या गांधीलमाशीने त्याच्या पोटात अंडे घातले होते आणि तिचे पिलू आतून त्याला खाऊन बाहेर पडले आहे. एका पानावर असे दहा-वीस दिसले तर फवारणीआधी दोन दिवस थांबून पाहायला हरकत नसते.

मिरचीचे पान घ्या. चुरडा आला एवढेच आपण म्हणतो आणि दुकानदार देईल ते औषध मारतो. पण फुलकिड्यांनी रस शोषला तर पानाच्या कडा वर वळतात, पान होडीसारखे दिसते. कोळी पडला तर कडा खाली मुडपतात, पान पालथ्या होडीसारखे होते. फुलकिड्याचे औषध कोळ्याला लागू पडेलच असे नाही, कारण कोळी हा किडाच नव्हे, तो आठ पायांच्या निराळ्या जातीचा जीव. फुलकिडा तुम्हाला भिंग लावून टिपता येईल, पिवळसर, लांबट, पानाच्या शिरेलगत. मिरचीवरचा कोळी मात्र इतका बारीक की तो साध्या मोबाईलच्या आवाक्याबाहेर राहतो. तिथे वळलेल्या पानाचा दोन्ही बाजूंनी काढलेला फोटोच कामाचा.

मक्याचेही तेच. अमेरिकेतली लष्करी अळी २०१८ साली आपल्या देशात प्रथम कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही आली. पोंग्यात शिरून बसणाऱ्या अळ्या आपल्याला आधीही ठाऊक होत्या, मग ही नवी कशी ओळखायची? जरा वाढलेली अळी घ्या आणि दोनच फोटो काढा. एक डोक्याचा: कपाळावर इंग्रजी वाय अक्षर उलटे काढल्यासारखी फिकट खूण दिसते. दुसरा शेपटीकडचा: शेवटून दुसऱ्या वळ्यावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांत मांडल्यासारखे चार गडद ठिपके. दोन्ही खुणा दिसल्या की तीच ती. अळी लहान असतानाच उपाय लागू पडतो, पोंग्यात खोल गेल्यावर औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून चार दिवस लवकर ओळख पटणे फार मोलाचे आहे.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पीक डोक्याएवढे वाढलेले, औषधांचे मिश्रण जहाल, तोंडाला फडके नाही, अशी अनेक कारणे त्यावेळी पुढे आली. मोबाईलच्या फोटोने ते टळले असते असे म्हणणे आततायीपणाचे होईल. पण जी फवारणी करायची गरजच नव्हती, ती टळली तर तेवढी वेळ तरी विष अंगावर येत नाही. फवारलेल्या वावरात मात्र फोटोच्या नादाने लगेच शिरू नका, आणि पाने हाताळल्यावर हात साबणाने धुवा.

तज्ज्ञाला दाखवण्यासाठी फोटो काढायचा तर त्याची रीत थोडी निराळी. नुसती अळी मोठी करून पाठवली तर समोरच्याला ती बोटाएवढी आहे की मोहरीएवढी, काही कळत नाही. तेव्हा शेजारी मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी ठेवा, नसेल तर आगकाडी ठेवा. आधी पूर्ण झाडाचा एक, मग रोगट फांदीचा एक, मग जवळून किड्याचा, असे तीन फोटो पाठवा. सोबत लिहा: कोणते वाण, पेरून किती दिवस झाले, वावरात एका कडेला आहे की सगळीकडे, आधी काय फवारले. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली इथल्या कृषी विद्यापीठांतले आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कृषी विज्ञान केंद्रांतले शास्त्रज्ञ असा फोटो पाहून पुष्कळ सांगू शकतात. किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या फुकट क्रमांकावर बोलायचे असले तरी आधी फोटो काढून नीट न्याहाळलेला असेल तर वर्णन करणे सोपे जाते. 'बारीक काहीतरी पडलंय' एवढ्यावर कोणीही सल्ला देऊ शकत नाही.

घरातल्या बायांनाही यात पुष्कळ करण्याजोगे आहे. साठवणीच्या ज्वारीतला सोंडकिडा, त्याची ती हत्तीसारखी सोंड; गाईच्या कानामागचा गोचीड; आजीच्या नथीतला मोती; पैठणीच्या पदराची वीण; दुधावर साय धरतानाच्या सुरकुत्या. पावसात करण्यासारखा एक खेळ तर त्या बेंटलीचाच आहे. परातीत इंचभर बारीक पीठ पसरून ती क्षणभर पावसात धरायची. प्रत्येक थेंबाची पिठात एकेक गोळी होते. गोळ्या वाळू द्यायच्या आणि हलकेच चाळून घ्यायच्या. लहान गोळी लहान थेंबाची, मोठी मोठ्याची. पावसाचे थेंब मोजण्याची ही युक्ती त्याने १९०४ साली छापून प्रसिद्ध केली. भुरभुर पावसाच्या गोळ्या आणि वळवाच्या गोळ्या शेजारी मांडून पोरांना फोटो काढू द्या. दुसऱ्या दिवशी ती शाळेत दाखवल्याशिवाय राहणार नाहीत.

काही गोष्टींपासून लांबच राहावे. साप कितीही शांत पडलेला दिसो, त्याचा जवळून फोटो काढायचा नाही. फुरसे तर पाचोळ्यात पाचोळ्यासारखेच दिसते, म्हणून गुडघा टेकण्याआधी काठीने जागा चाळवून घ्यावी. केसाळ सुरवंटाला बोट लावू नये. आग्या मोहोळाच्या आसपास फिरकू नये. आणि चांगला फोटो यावा म्हणून किडा मारून चिकटवणे किंवा फ्रीजमध्ये गारठवणे, ही काही हौशी मंडळींची सवय आपल्याला नको. जिवंत किडा काय करतो हेच तर पाहायचे आहे.

सुरुवात कुठून करावी असे विचाराल तर मी रब्बीच्या दिवसांत हरभऱ्याचे नाव घेईन. थंडी पडली की पहाटे हरभऱ्याच्या वावरात जा. पानापानावर, देठावर, कोवळ्या घाट्यांवर बारीक केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला आंबट रसाचा एक कण लकाकतो. तीच आंब. जुनी माणसे रात्री पिकावर धोतराचे फडके पसरून ती गोळा करीत आणि पोटदुखीवर देत. बोटाला लागली तर जिभेला लावून पाहा, मग उगवत्या सूर्याकडे तोंड करून बसा, म्हणजे उजेड पानाच्या मागून येईल आणि केस न् केस उजळून निघेल. पलीकडे काही काळपट असू द्या, ओल्या मातीचे ढेकूळ चालेल. भिंग लावा, श्वास रोखा. त्याच पानावर एखादे पिवळसर पांढरे, खसखशीच्या दाण्याहूनही बारीक, रेघारेघांचे एकुलते एक अंडे सापडले तर त्याचाही फोटो घ्या. ते घाटेअळीचे. झाडाला दोरा बांधून खूण करा आणि रोज सकाळी त्याच जागी येऊन त्याचा एकेक फोटो काढत जा.